मुलगी इंग्लंडात, कागद कोलाडात

आमच्या थोरल्या मुलीला इंग्लंडमध्ये शिक्षिका म्हणून सरकारी मान्यता मिळाली, हे वाडीत कळले तेव्हा लोकांनी अभिनंदन केले आणि लगेच विचारलेही, "ती तर इथे सात वर्षे हायस्कुलात शिकवत होती. मग आता मान्यता कसली?" प्रश्न बरोबर आहे. आम्हालाही तोच पडला होता. उत्तर समजायला सव्वा वर्ष लागले, कारण त्या मान्यतेसाठी लागलेली निम्म्याहून जास्त धावपळ इंग्लंडात झालीच नाही. ती कोलाड नाक्यावरून सुटणाऱ्या एस.टी.ने झाली आणि ती आम्ही नवराबायकोने केली. आपल्या समाजातल्या मुली-सुना आता नर्स, शिक्षिका, संगणकाच्या जाणकार होऊन बाहेरदेशी जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या आईबापांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्यापैकी एकजण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होता, दुसरी अंगणवाडीत मदतनीस. मुलगी बी.एस्सी. झाली तेव्हा विज्ञानाची पदवी घेणारी वाडीतली ती पहिली मुलगी. बी.एड.च्या फीसाठी घरात होते नव्हते ते सोने रोह्याला गहाण पडले. तेव्हा बी.एड. एक वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली असती तर गहाण ठेवायला घरात काहीच उरले नव्हते. २०१४ साली ती एका अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवू लागली. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून, महिना आठ हजार मानधनावर. (माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचे हे मानधन २०२३ पासून अठरा हजार झाले.) नंतर ती कायम झाली, पगार सुरू झाला, सोने घरी आले.

२०१९ साली लग्न झाले. जावई महाड तालुक्यातले, मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचे काम करणारे. कोरोनाच्या काळात इंग्लंडातल्या इस्पितळांना नर्स हवे होते. जावई २०२१ साली तिकडे गेले आणि पुढल्या वर्षी मुलगी. जाताना कायम नोकरीचा राजीनामा दिला. वाडीतले, नात्यातले सगळे म्हणाले, अनुदानित शाळेतली कायम नोकरी कोण सोडते का? आपल्यात पिढ्यांनंतर एखाद्याला अशी नोकरी लागते, त्यामुळे त्यांचे म्हणणे आम्ही मनाला लावून घेतले नाही. पण रात्री झोप येत नसे हेही खरे.

तिकडे पहिले सात-आठ महिने तिने एका गोदामात पार्सले बांधण्याचे काम केले. नंतर एका शाळेत वर्गातल्या मदतनिसाचे काम मिळाले. आमच्या घरात मदतनीस या शब्दाची लाज नाही. बावीस वर्षे आमच्यातल्या एकीने अंगणवाडीत तेच काम केले आहे. पण मुलगी फोनवर एकदा बोलली ते आम्हाला लागले. त्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक सोडून गेले होते आणि आठवडे न् आठवडे दुसरा मिळत नव्हता. रोज नवा बदली शिक्षक यायचा, त्यातले कित्येक विज्ञान शिकलेलेही नसायचे. ती मागच्या बाकाजवळ एका दुबळ्या मुलाशेजारी बसून असायची. "आई, फळ्यावर चूक लिहिलेली दिसते आणि मला उठता येत नाही," असे ती म्हणाली.

इंग्लंडच्या सरकारी शाळेत पूर्ण शिक्षक म्हणून उभे राहायचे तर 'क्वालिफाइड टीचर स्टेटस' नावाची मान्यता लागते. तिकडे तिला थोडक्यात क्यू.टी.एस. म्हणतात. ही पदवी नव्हे, परीक्षाही नव्हे. हा माणूस शिकवायला पात्र आहे अशी तिथल्या शिक्षण खात्याने आपल्या दप्तरी केलेली ती नोंद. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या शिक्षकांना ही नोंद २०१२ पासून थेट मागता येत होती. आपल्या शिक्षकांना नव्हती. आपल्या माणसाने जास्तीत जास्त चार वर्षे 'पात्रता नसलेला शिक्षक' या नावाखाली शिकवायचे आणि तेवढ्यात तिथल्या एखाद्या संस्थेकडून स्वतःची पारख करून घेऊन मान्यता मिळवायची, असा मोठा वळसा होता. २०२३ च्या १ फेब्रुवारीपासून इंग्लंडने भारत, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, जमैका, सिंगापूर, हाँगकाँग आणि युक्रेन अशा नऊ ठिकाणच्या शिक्षकांना थेट अर्ज करण्याची वाट खुली केली. अर्जाला फी नाही. हे उपकार म्हणून झाले असे आम्ही मानत नाही. तिकडे विज्ञान आणि गणिताचे शिक्षक मिळेनात म्हणून दार उघडले, आणि उघडलेही तेवढ्यापुरतेच. आपल्या देशातल्या शिक्षकांपैकी अकरा ते सोळा वयाच्या मुलांना विज्ञान, गणित किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठीच ते होते.

मुलीला ही बातमी त्याच शाळेतल्या एका नायजेरियन बाईंनी सांगितली. त्याही आपल्या देशात गणिताच्या शिक्षिका आणि इथे मदतनीस. दोघींनी मिळून अर्ज वाचला. त्याच रात्री आम्हाला फोन आला, "बाबा, माझी ट्रंक उघडा."

ट्रंकेत सगळे होते. दहावी-बारावीची गुणपत्रके, बी.एस्सी.ची तिन्ही वर्षांची, बी.एड.चे प्रमाणपत्र, नेमणुकीचा आदेश, कायम झाल्याचा आदेश, राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र. आम्हाला वाटले, हे पाठवले की झाले. पण तिकडचा अर्ज आपल्या कागदांना वेगळेच प्रश्न विचारतो. आपला अनुभवाचा दाखला म्हणतो, 'इयत्ता आठवी ते दहावीस अध्यापन केले.' तिकडे विचारतात, मुलांचे वय काय? आपला दाखला म्हणतो, 'वर्तणूक चांगली.' तिकडे विचारतात, या व्यक्तीला शिकवण्यास कोणी बंदी किंवा निर्बंध घातला आहे का, हे सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने सांगा. नुसते चांगल्या चालीचे प्रमाणपत्र त्यांना पुरत नाही. आपला नेमणूक आदेश म्हणतो, 'शिक्षण सेवक.' याचे इंग्रजी करताना सेवक म्हणजे मदतनीस असा अर्थ होतो, आणि तिकडून विचारणा आली की ही पहिली तीन वर्षे तुम्ही शिक्षिका होता की शिक्षकाच्या हाताखाली? मुलीने फोनवर हे सांगितले तेव्हा हसावे की रडावे कळेना. वर्ग तिचा, तास तिचे, पेपर तिने तपासले, दहावीचा निकाल तिच्या विषयाचा. फक्त सरकारला पूर्ण पगार द्यायचा नव्हता म्हणून नाव सेवक.

इथे मुख्याध्यापक सरांचे उपकार मानले पाहिजेत. त्यांनी नवीन दाखला लिहून दिला. त्यात वर्गांपुढे मुलांची वये घातली, आठवड्याचे तास घातले, आणि शिक्षण सेवक ही पूर्ण पात्रता असलेल्या शिक्षकाची महाराष्ट्र शासनाने ठरवलेली पहिली नेमणूक असते, असे एक वाक्य स्वच्छ इंग्रजीत लिहिले. त्या एका वाक्याने तीन वर्षे वाचली. तिकडचे खाते शाळेला स्वतः ई-मेल पाठवून खातरजमा करते. तेव्हा शाळेचा अधिकृत पत्ता हवा, कोणाचा खासगी चालत नाही. सरांनी तोही काढला. आपल्या मुला-मुलींना सांगा, नोकरी सोडताना असा दाखला हातात घेऊनच निघा. मुख्याध्यापक बदलतात, संस्थेत भांडणे होतात, जुनी हजेरीपत्रके वाळवी खाते. चार वर्षांनी जाऊन कोण काय लिहून देणार?

बंदी नसल्याचे पत्र मात्र शाळा देऊ शकत नाही. तिकडे सगळ्या शिक्षकांची एक नोंदवही असते, एखाद्यावर कारवाई झाली तर तिच्यात दिसते. आपल्याकडे तशी एकच एक वही नाही. तेव्हा शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने लिहून द्यायचे. ज्या कार्यालयात आम्ही गेलो त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण तिथेही माणसेच काम करतात. पहिल्या खेपेला उत्तर मिळाले, "असे पत्र देण्याचा नमुना आमच्याकडे नाही." दुसऱ्या खेपेला आम्ही मुलीकडून मजकूर मागवून नेला. "हा नमुना शासननिर्णयातला नाही." तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला फाइल एका टेबलावर होती आणि त्या टेबलावरचे भाऊसाहेब रजेवर. कोलाडहून पहाटे निघायचे, भाकरी बांधून न्यायची, दुपारी व्हरांड्यात बसून खायची आणि अंधार पडता परत. एका खेपेला दोघांचा चारशे रुपये खर्च, शिवाय एका दिवसाचा खाडा. अशा नऊ खेपा झाल्या.

सातव्या खेपेला कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकाने हेरले. "काका, इंग्लंडचे पत्र ना? शिक्क्यासकट मिळेल. आठ हजार." त्याने मोबाईलवर नमुनाही दाखवला. पत्र दिसायला खऱ्याहून सुबक होते. आम्ही उठून आलो. रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यात मुसावादा वेरमणी आहे, हे एक कारण. दुसरे कारण साधे हिशेबाचे. तिकडचे खाते पत्रावरचे नाव बघून त्या कार्यालयाला स्वतः विचारते. खोटे निघाले तर अर्ज तर जाईलच, पण मुलीच्या नावापुढे तिकडच्या नोंदवहीत काय लिहिले जाईल? ज्या बंदीचा दाखला काढायला निघालो, तीच बंदी आपल्या हाताने ओढवून घेतल्यासारखे. आपल्या काही तरुणांना असे कागद घेऊन परदेशी नेणारे एजंट भेटतात म्हणून हे मुद्दाम लिहिले.

नवव्या खेपेला पत्र मिळाले. एक तरुण अधिकारी नव्याने आल्या होत्या. त्यांनी मजकूर वाचला, मुलीची सेवापुस्तिका मागवली, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. सगळे मिळून वीस मिनिटे.

विद्यापीठाची गोष्ट याहून लांब आहे, ती सगळी सांगत नाही. एवढेच लक्षात ठेवा की गुणपत्रके वेगळी आणि विद्यापीठाने एकत्र करून, मोहोरबंद पाकिटात किंवा थेट ई-मेलने पाठवायचा गुणतक्ता वेगळा. त्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. परदेशी बहुतेक ठिकाणी तोच मागतात. तो फी भरून काढावा लागतो आणि आपण कोलाडात असताना तो काढणे जितके सोपे, त्याहून कितीतरी अवघड तो परदेशातून काढणे आहे. पदवी मिळाली त्याच वर्षी दोन-तीन प्रती काढून ठेवाव्यात.

आता नावाबद्दल. आपल्या लोकांना हे विशेष सांगायला हवे. दहावीच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे. बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि नवऱ्याचे आडनाव. इथे सगळ्यांना कळते की ही एकच मुलगी. तिकडच्या कारकुनासमोर त्या तीन बायका असतात. आमच्या घरात तर आडनावाचा इतिहासच वेगळा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात आडनावाच्या जागी मास्तरांनी जातच लिहून टाकली होती. आमच्या वडिलांनी गावावरून आडनाव लावले. जन्मतारीख आमच्या दोघांचीही एक जून. आमच्या वयाच्या निम्म्या वाडीचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच लिहिली. मुलीच्या वेळेपर्यंत जन्मनोंद नीट झाली, पण आडनावाचे अक्षर चुकायचे ते चुकलेच. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावाची जाहिरात आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र असे तीन कागद जोडले. लग्न बौद्ध पद्धतीने झाले होते, बौद्धाचार्यांनी दाखलाही दिला होता. पण परदेशी तो चालत नाही, सरकारी विवाह निबंधकाचाच लागतो. व्हिसाच्या वेळी जावयांनी नोंदणी करून घेतली होती म्हणून ती एक खेप वाचली. विहारात लग्न लागले की त्याच महिन्यात ग्रामपंचायतीत नोंद करावी, ही गोष्ट आपल्या लग्नपत्रिकेच्या मागेच छापायला हवी असे आम्हाला वाटते.

कागदासाठी झगडणे आपल्या समाजाला नवे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि केंद्र सरकारच्या कागदावर त्यांच्या सवलती संपल्या. माणसे तीच, वाडी तीच, विहिरीवरची वागणूक तीच, पण कागद म्हणत होता की आता तुम्ही अनुसूचित नाही. तो कागद बदलायला १९९० साल उजाडले. आमच्या ओळखीच्या किती हुशार मुलांची वये त्या मधल्या चौतीस वर्षांत निघून गेली. त्यामुळे मुलगी जेव्हा वैतागून म्हणाली, "मला येते हे मला माहीत आहे, मग यांना का सिद्ध करून दाखवू?" तेव्हा आम्ही तिला एवढेच म्हटले की बाई, खरे असणे आणि कागदावर खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या लोकांना दोन्ही लागतात.

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या बाबतीत उलटे झाले होते. मुंबई विद्यापीठाची बी.ए. घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाने ती पदवी मानली, पुढच्या शिक्षणाला प्रवेश दिला, १९१५ साली एम.ए. दिली. तिथून लंडनला जाऊन ते १९१७ साली परत आले. एवढी विद्या घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तर राहायला खोली मिळेना. परदेशाने पदवी ओळखली आणि आपल्या देशाने माणूस ओळखला नाही. आमच्या मुलीला परदेशात खोली लगेच मिळाली, पदवी मात्र ओळखीची नव्हती. अर्थात तिकडे जात नाही असे कोणी समजू नये. आपलीच माणसे ती बरोबर घेऊन जातात. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा समावेश करायचे बंधन सरकारवर घातले होते, आणि २०१८ साली तिथल्या सरकारने तसे करणार नाही म्हणून जाहीर केले. मुलीच्या इमारतीतल्या एका भारतीय बाईंनी पहिल्याच भेटीत 'तुम्ही कोण?' म्हणून आडून विचारलेच. मुलीने सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध." १४ एप्रिलला ती दोघे वोल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्ध विहारात गेली. तिथे पंजाबातून गेलेले आंबेडकरी बांधव जास्त. मराठी कोणाला फारसे येत नाही, पण जयभीम सगळ्यांना येते.

इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागली. पदवी पूर्ण इंग्रजीतून झाली असे संस्थेचे पत्र असेल तर ती टळते. पण आमच्या मुलीचे बी.एस्सी. इंग्रजीतून आणि बी.एड. मराठीतून, तेव्हा पत्राच्या मागे लागण्यापेक्षा तिने परीक्षाच दिली. एका दिवसात काम झाले.

अर्ज सप्टेंबर २०२३ मध्ये गेला. मधे दोनदा शंका आल्या, दोनदा उत्तरे गेली. जून २०२४ मध्ये मान्यता आली. सप्टेंबरपासून ती दुसऱ्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली. तिकडे त्या सप्टेंबरपासून लंडनबाहेर नव्या पात्र शिक्षकाचा किमान पगार वर्षाला ३१,६५० पौंड ठरला होता आणि पात्रता नसलेल्याचा त्याच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे तेच काम, तोच वर्ग, आणि एका नोंदीने एवढा फरक. पण पगारापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीचा आनंद. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर तिच्या नावाची पाटी होती. इथल्या हायस्कुलात प्रयोगशाळेत एक कपाट होते आणि त्याची किल्ली संस्थेच्या अध्यक्षांकडे असायची. तिच्या सोबतच्या नायजेरियन बाईंनाही मान्यता मिळाली, तिच्या आधी दोन महिने.

मात्र सगळ्यांचे असे झाले नाही, आणि ते न सांगता हे लिहिणे खरेपणाचे होणार नाही. आमच्या भावाची मुलगी त्याच शहरात आहे. ती बारावीनंतर डी.एड. केलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवलेली. शिकवण्यात ती आमच्या मुलीपेक्षा काकणभर सरसच, हे आमची मुलगीच सांगते. पण डी.एड. ही पदविका, पदवी नव्हे, आणि ही मान्यता पदवीशिवाय मिळत नाही. पदवी असती तरी प्राथमिकच्या शिक्षकांना ती थेट वाट नव्हतीच. म्हणजे तिच्यापुढे एकामागे एक दोन बंद दारे. चार वर्षे 'पात्रता नसलेली' म्हणून शिकवता येते, पण तशा जागेवर प्राथमिक शाळा सहसा घेत नाहीत. ती आज वर्गात मदतनीस आहे. महाराष्ट्रात डी.एड.च्या जिवावर आपल्या समाजातली हजारो घरे उभी राहिली. मास्तर, मास्तरीण झाले की घर वर येते, ही आपली सगळ्यांची समजूत आणि ती खरीही होती. पण ज्या मुलीला बाहेर जायचे आहे, किंवा लग्न होऊन जावे लागेल अशी शक्यता आहे, तिने डी.एड.वर थांबू नये. नोकरी करता करता पदवी पुरी करावी. त्यासाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, आणखीही वाटा आहेत.

दुसऱ्या देशांचे नियम आणखी वेगळे. इंग्लंडात पदवी मुळात तीन वर्षांचीच असते, म्हणून आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.चे तिथे विशेष अडत नाही. अमेरिकेत ती चार वर्षांची, तिथे काही राज्यांत आपली तीन वर्षांची पदवी अपुरी धरतात. ऑस्ट्रेलियात शिक्षक म्हणून पारख करून घ्यायची तर एकूण चार वर्षांचे उच्च शिक्षण, त्यात शिक्षकी प्रशिक्षणाचे किमान एक वर्ष, आणि प्रत्यक्ष वर्गावर देखरेखीखाली किमान ४५ दिवस शिकवल्याचा पुरावा मागतात. इंग्रजीची अट तर इंग्लंडपेक्षा कडक. बी.एड.च्या वेळी सरावपाठांची जी वही असते, जी आपण पुढे रद्दीत घालतो, ती तिथे कामाला येते. काही आखाती देशांत जायचे तर पदवीवर राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात असे शिक्क्यांवर शिक्के लागतात. आमच्या रोहा-म्हसळा भागातल्या मुस्लिम बांधवांना हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आम्हाला बऱ्याच गोष्टी नाक्यावरच्या एका मुस्लिम दुकानदार भाऊंनीच समजावल्या, त्यांच्या दोन बहिणी मस्कतला शिकवतात. नियम दर वर्षी बदलतात. तेव्हा आमच्या लिहिण्यावर विसंबू नका, त्या त्या देशाच्या शिक्षण खात्याचे स्वतःचे पान वाचा किंवा वाडीतल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. वाडीत दोन मुली सध्या बी.एड. करत आहेत. त्यांच्या गुणपत्रकांवरची नावे आम्ही पासपोर्टशी अक्षर अक्षर ताडून पाहिली. एकीच्या वडिलांच्या नावात घोळ निघाला. आता तो कॉलेजातच दुरुस्त होईल.

भावाच्या मुलीने हार मानलेली नाही. तिने यंदा तिकडे पदवीला नाव घालायचे ठरवले आहे. त्यासाठी दहावीच्या इंग्रजी आणि गणिताच्या गुणांची तिकडच्या परीक्षेशी तुलना करून हवी आहे आणि मूळ गुणपत्रक लागणार आहे. ते नाही. तिचे सासर महाडचे, आणि जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या घरात छपरापर्यंत पाणी होते. कपाटातले सगळे कागद लगदा होऊन निघाले. दुय्यम प्रत वाशीच्या विभागीय मंडळातून मिळते. शाळेचे पत्र, प्रतिज्ञापत्र आणि तिचा अधिकारपत्राचा कागद कालच कुरियरने आला. येत्या सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने पनवेलपर्यंत आणि पुढे लोकलने वाशीला जायचे आहे. भाकऱ्या रात्रीच करून ठेवू.